दिवठणीवर हिशेबाची वही : नवापूर पट्ट्यातील एका मंडळीचा आगमनकाळ

हे प्रकरण कोणत्याही एका गावाचे किंवा एका मंडळीचे नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुका आणि त्याला लागून असलेला साक्रीचा पश्चिम भाग येथील ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या समुदायांत, नोव्हेंबर-डिसेंबरात जे पुन्हा पुन्हा दिसते, त्यातून ते अभ्यासासाठी जोडून घेतले आहे. म्हणून गावाचे, मंडळीचे किंवा माणसाचे नाव त्यात नाही, आणि आकडेही उदाहरणापुरते आहेत. पाळक (मंडळीचे धर्मगुरू), पंच (तिचा कारभार पाहणारे) आणि तरुण संघातील कार्यकर्ते यांनी एकत्र बसून त्यावर बोलावे, हा हेतू आहे. प्रश्न असा की, ज्या मंडळीत ऊसतोडीला जाणारा मजूर आणि त्याला तोडीवर नेणारा मुकादम एकाच सतरंजीवर बसून प्रभुभोजन घेतात, त्या मंडळीने आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, येशूने सांगितल्याप्रमाणे जगाचा प्रकाश व्हायचे म्हणजे उजेड नेमका कशावर पाडायचा?

पार्श्वभूमी

खानदेशाचा हा पश्चिम काठ गुजरातला इतका चिकटून आहे की, सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. मावची, गावित, कोकणी या आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी या भागात काम उभे केले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकापासून चालू आहे. त्यामुळे येथील अनेक मंडळ्यांत आज तिसरी-चौथी पिढी उपासनेला बसते. शास्त्रपाठ मराठीत होतो, गाणी मराठीत आणि मावचीत होतात, आणि प्रार्थनेत मन भरून आले की बहुतेक जण मावचीतच बोलतात.

भात निघाले आणि दिवाळी सरली की या गावांतून टोळ्या निघतात. बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या दक्षिण गुजरातेतील सहकारी साखर कारखान्यांच्या क्षेत्रात त्या ऊस तोडतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा चांगला तापेपर्यंत, तेथील पडावांवर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजुरी टनावर ठरते, परंतु हातात पैसा आधी येतो तो उचलीच्या रूपाने, आणि तोही श्रावण-भाद्रपदात, जेव्हा घरातील धान्य संपलेले असते, शाळेचा, दवाखान्याचा किंवा पेरणीचा खर्च डोक्यावर असतो आणि दुसरीकडून कर्ज मिळत नाही. पडावावर खावटी म्हणून ज्वारी मिळते. तिची किंमतही मजुरीतूनच वळती होते. कारखाना मजुराला ओळखत नाही, तो मुकादमाला ओळखतो. उचल किती, खावटी किती, टन किती आणि शेवटी उरले किती, हा सगळा हिशेब एकाच माणसाच्या वहीत असतो आणि ती वही मजूर पाहत नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान केव्हातरी येतो. म्हणजे चर्चच्या पंचांगात नवे वर्ष सुरू होते, त्याच सुमारास या मंडळ्या अर्ध्या रिकाम्या झालेल्या असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, त्यांच्याकडे सोपवलेली मुले, नोकरदार कुटुंबे आणि ज्यांची थोडी बागायत आहे ते शेतकरी. ही वस्तुस्थिती ध्यानात न घेता केलेले आगमनकाळाचे नियोजन मला नेहमी शहरातून आणलेल्या कार्यक्रमपत्रिकेसारखे वाटते. तिच्यात सगळे असते, फक्त गाव नसते.

प्रसंग

आपल्या प्रकरणातील मंडळी सुमारे नव्वद कुटुंबांची आहे आणि त्यांतील निम्मी कुटुंबे हंगामात बाहेर असतात. पाळक तरुण आहेत, येथे आल्याला त्यांना दुसरे वर्ष लागले आहे. चार रविवारी चार मेणबत्त्या लावण्याची पद्धत या मंडळीत त्यांनीच आणली. जुन्या सभासदांना ती कॅथलिक रीत वाटली, तेव्हा त्यांनी तिचा उगम समजावून सांगितला: १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखेर्न या लुथरन पाळकाने निराधार मुलांच्या आश्रमात नाताळपर्यंतचे दिवस मुलांना मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तेथून ही प्रथा पसरली. ती आश्रमातून निघाली, मोठ्या देवळातून नव्हे, हे पाळकांनी मुद्दाम सांगितले. पुढे जे घडले त्याच्याशी या माहितीचा संबंध आहे, म्हणून ती येथे नोंदवली.

पहिल्या रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतील एक सभासद पंचांना भेटले. ते मुकादम आहेत. गेली अनेक वर्षे त्यांच्या टोळ्या गुजरातेत जातात आणि या मंडळीतील बरीच कुटुंबे त्यांच्याच टोळ्यांत आहेत. त्या वर्षीच्या नाताळाचा सगळा खर्च, म्हणजे मंडप, रोषणाई, शिखरावरचा मोठा तारा आणि ध्वनिव्यवस्था, स्वतः उचलण्याची त्यांची इच्छा होती. डेकोरेशनवाल्याला लगेच सांगावे लागेल, असेही त्यांनी सुचवले, कारण दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते आणि त्या दिवसांत जिल्ह्यातील दिवे-मंडपवाले सगळे तिकडेच असतात. पंचांना आनंद झाला. मंडळीच्या खात्यात फारसे काही नव्हते, आणि शेजारच्या गावातील चर्चवर गेल्या वर्षी लागलेला तारा महामार्गावरून दिसत असे, ही गोष्ट पुष्कळांच्या मनात होती.

त्याच आठवड्यातील बुधवारच्या प्रार्थनासभेत दुसरी गोष्ट घडली. प्रार्थनेचे विषय विचारले गेले तेव्हा एक आजी उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा आणि सून तोडीवर गेलेली, दोन नातवंडे त्यांच्याजवळ. आजारपण किंवा प्रवास यांसाठी प्रार्थना मागितली जाईल, असे सर्वांना वाटले. त्यांनी लुगड्याच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली आणि ही कोणी वाचून दाखवील का, असे मावचीत विचारले. चौथीतल्या नातवाला अंक वाचता आले होते, पण अर्थ लागला नव्हता. चिठ्ठीवर तीन आकडे होते: ३०,०००, १५,००० आणि ४,२००. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे लिहिलेले नव्हते. मुलाने तीस हजार उचल घेतल्याचे आजींना माहीत होते. बाकीचे दोन आकडे कशाचे, आणि मुलगा किती टन तोडल्यावर मोकळा होईल, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. चिठ्ठी त्याच मुकादमांच्या हातची होती.

सभेत कोणीच काही बोलले नाही. एका वडिलांनी (मंडळीतील ज्येष्ठ पुढाऱ्यांना वडील म्हणतात) घाईने प्रार्थना सुरू केली आणि प्रार्थनेत आजींच्या मुलाचे नाव घेतले, चिठ्ठीचे घेतले नाही.

पंचांची बैठक

शनिवारी पंच बसले तेव्हा विषयपत्रिकेवर फक्त रोषणाई होती. चिठ्ठीचा विषय पाळकांनी काढला. चर्चेत तीन मते पुढे आली आणि ती तिन्ही प्रामाणिक होती, हे आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर अशा प्रकरणात वाचणारा पहिल्याच पानावर बाजू घेऊन मोकळा होतो.

एका वडिलांचे म्हणणे असे होते की, व्यवहार आणि भक्ती यांची सरमिसळ करू नये. मुकादमाचा धंदा बाहेरचा आहे, कारखान्याशी आहे; त्यात मंडळी पडली तर घरे फुटतील. शिवाय नाताळ ही साक्ष देण्याची वेळ आहे. आपले सण झाकून करायचे नाहीत, दिवा मापाखाली ठेवत नसतात, दिवठणीवर ठेवतात, असे प्रभूनेच सांगितले आहे. गावातील बिगरख्रिस्ती लोकही रोषणाई पाहायला येतात आणि मुलांना घेऊन गव्हाणीपुढे उभे राहतात, तेव्हा तीही एक सेवाच आहे.

पंचांतील एक शिक्षक नेमके उलट बोलले. चिठ्ठीवरचे पंधरा हजार म्हणजे उचल दीडपट करण्यासाठी तिच्यावर चढवलेली रक्कम आहे आणि अशी आकारणी या धंद्यात सर्रास चालते, हे त्यांनी सांगितले. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने तर ठेकेदारावर प्रत्येक मजुराला फोटोसह पासबुक देण्याची आणि त्यात दर आणि कपात लिहिण्याची जबाबदारी टाकली होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तेव्हा मुकादमांची देणगी नाकारावी आणि रविवारी व्यासपीठावरून हा विषय उघड बोलावा, असे त्यांचे मत होते. प्रकाश आला की काळोखातली कृत्ये उघडी पडतात, असे पौल इफिसकरांना लिहितो. त्याचा आधार त्यांनी घेतला.

तिसरे मत भगिनी मंडळाच्या प्रतिनिधी असलेल्या बाईंचे. त्या बोलल्या थोडे. उद्या व्यासपीठावरून काही बोलले गेले तर पुढच्या भाद्रपदात त्या आजीच्या मुलाला उचल कोण देणार, एवढेच त्यांनी विचारले. या प्रश्नावर शिक्षकांजवळ उत्तर नव्हते आणि पहिल्या वडिलांजवळही नव्हते.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाची गाठ याच प्रश्नात आहे. प्रकाश होणे याविषयी आपण बोलतो तेव्हा दिवा लावणाऱ्याच्या बाजूने बोलतो: त्याचे धैर्य, त्याची साक्ष, त्याची सत्कर्मे. ज्याच्यावर उजेड पडतो त्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. व्यासपीठावरून सत्य बोलून पाळक रात्री घरी जाऊन झोपतील. मुकादम चिडला तर कोयता सुटेल तो तिकडे पडावावर असलेल्या जोडप्याचा. म्हणून उघड करणे आणि झाकणे या दोनच वाटा आहेत, असे समजून निर्णय घेतला असता तर दोन्हीकडे चूक झाली असती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारमधील काम

पाळकांनी बैठकीत निर्णय घेऊ दिला नाही. देणगीविषयी तिसऱ्या रविवारनंतर ठरवू, असे सांगून ते दुसऱ्याच संध्याकाळी एकटे मुकादमांच्या घरी गेले. भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे, मग एक-दोघांना बरोबर घ्यावे, आणि मंडळीला सांगण्याची वेळ त्यानंतर, हा मत्तय १८ मधला क्रम आहे. शिक्षकांना हा वेळकाढूपणा वाटला. मला तसे वाटत नाही, कारण त्या भेटीत जे कळले ते व्यासपीठावरून कधीच कळले नसते.

पाळकांनी विचारले, “दादा, त्या पंधरा हजारांचं मला समजावून सांगता का? आजींना मी काय उत्तर देऊ?”

मुकादम रागावले नाहीत, थकल्यासारखे बोलले. “पाळकसाहेब, उचल द्यायला पैसा माझ्याकडे झाडाला लागत नाही. कारखाना थोडा देतो, बाकीचा मी बाहेरून व्याजानं आणतो. हंगामाच्या मध्यात दोन कोयते पळाले तर ती रक्कम माझ्या अंगावर. मीही वीस वर्षं ऊस तोडलाय. माझ्या बापाची चिठ्ठी तर कोणी वाचूनही दाखवली नव्हती.”

यात सगळे खरे होते असे नाही. बाहेरचे व्याज आणि मजुरावर चढवलेली रक्कम यांत अंतर होते, आणि ते अंतर मुकादमांच्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये दिसत होते. परंतु मुकादम साखळीतील शेवटची कडी नव्हते, मधली होते, ही गोष्ट पाळकांच्या ध्यानात आली. ४,२०० हा आकडा खावटीचा होता, हेही त्याच भेटीत कळले. पाळकांनी एकच विनंती केली: प्रत्येक कुटुंबाला त्याचा हिशेब लिहून द्यावा, आकड्यांपुढे ते कशाचे हे लिहावे. मुकादम हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या रविवारी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा पाठ होता. आगमनकाळात दर वर्षी हा माणूस गव्हाणीच्या वाटेत आडवा उभा राहतो आणि दर वर्षी आपण त्याला वळसा घालून पुढे जातो. लूक ३ मध्ये लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? तो त्यांना देवळात या किंवा उपास करा, असे सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, म्हणतो. जकातदारांना तो जकात सोडायला सांगत नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, म्हणतो. शिपायांना सांगतो, जुलमाने काही उकळू नका, पगारात समाधान माना. पाळकांनी हा उतारा वाचला, मावचीत सोपा करून सांगितला आणि कोणाचेही नाव न घेता थांबले. मुकादम तिसऱ्या ओळीत बसले होते. उपदेश लहान झाला, अशी तक्रार एक-दोघांनी नंतर केली.

खरे काम त्या आठवड्यात तरुण संघाने केले. नवापूरहून शंभर पानी वह्या आणल्या गेल्या. जी कुटुंबे मागे होती त्यांच्या घरी संध्याकाळी दोघे-दोघे जात, पडावावरच्या मुलाला किंवा सुनेला फोन लावत आणि वहीत चार रकाने भरत: उचल कधी व किती घेतली, खावटी किती मिळाली, कोणत्या तारखेला किती टन ऊस भरला आणि मधल्या काळात रोख किती मिळाले. ज्यांच्याकडे टनाच्या पावत्या होत्या त्यांनी त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. ज्या मुलांना आई-वडील पडावावर घेऊन गेले होते, त्यांपैकी कोणाकडे शाळेचे शिक्षण हमी कार्ड आहे, याचीही नोंद झाली. बहुतेकांकडे ते नव्हते. रेशनकार्ड देशात कोठेही चालते, त्यामुळे गुजरातेत असलेली माणसे आपल्या वाट्याचे धान्य तेथे उचलू शकतात आणि बाकीचे घरच्यांना येथे मिळू शकते, ही माहितीही कित्येक घरांत या निमित्ताने प्रथमच पोहोचली. पुढे खावटीचा बोजा थोडा कमी झाला तो या एका गोष्टीने.

यात एक अडचण आली. गावातील बिगरख्रिस्ती कुटुंबांतील दोन बायका वही मागायला आल्या. त्यांना द्यावी की नाही, यावर तरुणांत वाद झाला. कारण मंडळीने बाहेरच्यांसाठी काहीही केले की, त्यामागे धर्मप्रसार आहे असा संशय या भागात लगेच घेतला जातो आणि त्याची झळ पुढे त्या कुटुंबालाच लागते. शेवटी वह्या द्याव्यात, पण त्यांवर चर्चचे नाव, वचन किंवा क्रूस काही छापू नये, फोटो काढू नयेत आणि नाताळाच्या कार्यक्रमाचे आमंत्रण त्याच भेटीत देऊ नये, असे ठरले. डोंगरावरील प्रवचनात पाचव्या अध्यायात तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असे आहे आणि सहाव्यात उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नका असे आहे. अभ्यासवर्गात हा विरोध म्हणून मांडला जातो. या तरुणांना तो विरोध वाटला नाही. काम उजेडात असावे आणि आपण नसावे, असा त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी तो स्वतः प्रकाश नव्हता असे लिहिले आहे. त्याचाही अर्थ फार वेगळा नसावा.

तिसऱ्या आठवड्यात पाळक, एक वडील आणि भगिनी मंडळाच्या त्या बाई बारडोलीकडच्या एका पडावावर गेले. दिवसा जाऊन उपयोग नव्हता, कारण माणसे पहाटेच फडात जातात. रात्री आठनंतर, चुली विझत आल्यावर, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांमधल्या मोकळ्या जागेत बॅटरीच्या उजेडात उपासना झाली. तिसरी मेणबत्ती तेथे लावली गेली. परंपरेने हा आनंदाचा रविवार मानतात आणि मेणबत्ती गुलाबी असते, येथे होती ती साधी पांढरी. उपासनेनंतर वह्या वाटल्या. काहींनी घेतल्या. दोघांनी नाकारल्या, कारण त्यांचा मुकादम दुसरा होता आणि त्याचा माणूस पलीकडे उभा राहून पाहत होता. आजींच्या मुलाने वही घेतली, पण पत्नीच्या हातात दिली. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. पडावावरील नकार पाळकांच्या मनाला लागला. मला मात्र त्या दोघांचा व्यवहार चोख वाटतो. आपल्यावर किती उजेड पडू द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता आणि तो त्यांनी वापरला.

देणगीचा निर्णय

तिसऱ्या रविवारनंतरची बैठक लांबली. रोषणाईसाठी वेगळी देणगी घेऊ नये. मुकादमांनी इतर सभासदांप्रमाणे दानार्पणाच्या थैलीत जे द्यायचे ते द्यावे. आणि त्यांच्या टोळीतील कुटुंबांचे लेखी हिशेब हीच त्यांची या वर्षीची नाताळभेट असावी, अशी विनंती दोन वडिलांनी जाऊन करावी, असे बहुमताने ठरले. ज्या वडिलांनी सुरुवातीला व्यवहार आणि भक्ती वेगळी ठेवा असे म्हटले होते, ते विनंती करायला जायला तयार झाले, हे विशेष. पंचांपैकी एकाने मात्र राजीनामा दिला. मंडळी माणसे तोडते आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मुकादमांचे नातेवाईक आहेत म्हणून ते मोडीत काढता येत नाही.

ही देणगी स्वीकारून ती मजुरांच्या कामाला का लावू नये, असा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास निघेल. पैशाला काही चिकटलेले नसते, तो कशाला लावला यावर सगळे ठरते, असे त्यामागचे तर्कशास्त्र. परंतु ज्याच्याकडून जास्तीचे घेतले त्याला ते दान म्हणून परत मिळाले, तर त्याने आभार कोणाचे मानायचे? लूक १९ मधील जक्कयाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तो गरिबांना अर्धी मालमत्ता देण्याविषयी बोलतो, पण ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत देण्याची गोष्ट वेगळी काढून सांगतो. दान एक आणि परतफेड एक. पहिल्याने दुसरी फिटत नाही.

कायद्याकडे जाण्याचा प्रश्नही याच बैठकीत पुन्हा आला. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, त्यासाठी जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे, हे शिक्षकांनी सांगितले. हंगामाच्या मध्यात आणि मजुरांनी स्वतः मागितल्याशिवाय तक्रार करायची नाही, असे ठरले. डिसेंबरपुरता हा निर्णय मला योग्य वाटतो. तोच पुढच्या डिसेंबरातही तसाच राहिला तर ती सावधगिरी नसेल, सोय असेल.

नाताळ आणि नंतर

शिखरावर बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा तारा लागला. तो महामार्गावरून दिसला नाही. गायनफेरी नेहमीप्रमाणे निघाली आणि रात्री दहाच्या आत संपली. ज्या घरांतली कर्ती माणसे तोडीवर होती, त्या घरांपासून फेरी सुरू करायची, एवढा बदल केला गेला, आणि त्यामुळे पंचांच्या घरी पोहोचेपर्यंत चहा गार झाल्याची थट्टा बरेच दिवस चालली. नाताळाच्या उपासनेला मुकादम आले नाहीत. त्यांच्या पत्नी आल्या, मुलांसह पुढे बसल्या आणि दानार्पणात त्यांनी काय टाकले याची चर्चा, मंडळीच्या सुदैवाने, कोणी केली नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुकादमांनी दोन टोळ्यांचे हिशेब लिहून दिले. आकड्यांपुढे शब्द होते. आजींच्या मुलाच्या पंधरा हजारांतले सहा हजार कमी केलेले होते; कारण लिहिलेले नव्हते. उरलेल्या टोळ्यांचे हिशेब आले नाहीत. वह्यांमधील नोंदी आणि मुकादमांचे आकडे यांत टनांच्या बाबतीत किरकोळ फरक निघाला, खावटीच्या बाबतीत मोठा निघाला, आणि तो मिटवण्यासाठी दोन वडील अजून ये-जा करत आहेत. ज्या कुटुंबांनी वह्या ठेवल्या त्यांपैकी कोणाला पुढच्या हंगामात टोळीतून वगळले जाते का, हे उचल वाटली जाईल तेव्हाच कळेल.

म्हणून या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा ठराव मला डिसेंबरातला वाटत नाही, फेब्रुवारीतला वाटतो. चिठ्ठी डिसेंबरात वाचली गेली, पण तिच्यातली उचल घेतली गेली होती भाद्रपदात, घरात दाणा नव्हता तेव्हा. आगमनकाळातील जागृतीची वचने, रात्र सरत आली आहे, प्रकाशाची शस्त्रसामग्री धारण करा, ही रोमकरांस पत्रातील ओळ धरून, आपण डिसेंबरापुरती वापरतो; कर्जाची रात्र मात्र पावसाळ्यात पडते आणि तेव्हा चर्चमध्ये कोणताही सण नसतो. कापणीच्या आभारप्रदर्शनात जे धान्य आणि पैसा जमतो, त्यातला निम्मा भाग वेगळा ठेवून श्रावणात तोडीवर जाणाऱ्या कुटुंबांना बिनव्याजी द्यावा, असा ठराव भगिनी मंडळाच्या बाईंनी मांडला. परतफेड हंगामानंतर, हप्त्यांनी. रक्कम लहान आहे, ती उचलीची जागा घेऊ शकणार नाही. फार तर तीस हजारांची उचल वीसवर येईल. परंतु कोणाला द्यायचे हे पाळक किंवा पंच ठरवणार नाहीत, ज्या घरांतून माणसे तोडीवर जातात त्या घरांतील पाच बायका ठरवतील, आणि वही चर्चच्या कपाटात कुलूपबंद न राहता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचली जाईल, असे ठरावात आहे. शेवटच्या कलमावर मतभेद झाले. कोणी किती घेतले हे चारचौघांत वाचले तर घेणाऱ्याला लाज वाटेल, असे काहींचे म्हणणे होते. तेव्हा नावे न वाचता फक्त जमा, दिलेली रक्कम आणि परत आलेली रक्कम वाचावी, आणि ज्याला आपले पान पाहायचे आहे त्याला ते तेथेच दाखवावे, अशी दुरुस्ती झाली. मुकादमांनाही निधीत पैसे घालता येतील का, हा प्रश्न त्यांच्याच पत्नीने विचारला. टोळ्यांचे राहिलेले हिशेब आल्यावर त्यावर बोलू, असे उत्तर त्यांना देण्यात आले आहे.